क्लचची तार

“आता मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाही. आणि वाटलं, तर तुम्ही मला नीट ऐकलंच नाहीत असं समजा.”

ओबेनची गोष्ट गेली एकोणीस वर्षं अशी सुरू होत आली होती. या सुरुवातीवर लोक हसायचे, खुर्च्या पुढे ओढायचे, आणि मग त्याने काहीही सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटायचं. माणसाला आधीच ‘विश्वास ठेवू नका’ म्हणून बजावलं की तो हट्टाने ठेवतो, ही युक्ती ओबेनला कुणी शिकवलेली नव्हती. फास कुठे लावायचा हे जसं त्याला न शिकवता कळायचं, तसंच हेही कळलं होतं. पण त्या सकाळी कुंबा शहराच्या बाजारात, ऐन रहदारीत, चौसष्टाव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या पायात फास पडला, तेव्हा ते मात्र त्याला स्वतःलाच खरं वाटेना.

त्याच्या गावाहून, न्सानाकेमहून, आलेल्या गाडीत अकरा माणसांच्या जागी चोवीस माणसं, दोन बोकड आणि एक शिवणयंत्र होतं, आणि त्यांपैकी शिवणयंत्रच काय ते शहाण्यासारखं वागलं होतं. उतरल्यावर ओबेनच्या पायांत रक्त उरलं नव्हतं. त्यात मुलाचे बूट, दीड बोट मोठे. मागे बायको बेसेम, डोक्यावर एरू या रानभाजीच्या पाल्याचं गाठोडं, चालणं नेहमीसारखं सरळ. ती गाठोडं घेऊन शहरात चालली तरी रानातल्या पाऊलवाटेनेच चालली आहे असं वाटायचं. वनखात्याची इमारत समोर दिसत होती. तिच्या वरच्या मजल्यावर साडेदहाला सभा होती. ओबेन मनातल्या मनात गोष्ट घोळवत होता, म्हणजे घोळवायची गरज नव्हती, पण तोंडात सुपारी फिरवावी तशी ती आपोआप फिरत होती, आणि तेवढ्यात उजव्या घोट्याला काहीतरी लागलं. त्याने पाय पुढे टाकला. ते आवळलं. त्याने झटका दिला. ते आणखी आवळलं. मग तो तोल जाऊन दोन्ही हातांवर चिखलात पडला, आणि त्या क्षणी, डोक्यात कुठलाही विचार यायच्या आत, त्याच्या अंगाला सगळं कळलं: ही तार, सात पदरी, क्लचची, हिला एका बाजूने सरकती गाठ, आणि आपण तिच्यात.

“अरे, बाबा पडले! उचला, उचला!”

“पडले नाहीत, सापडले! कुंबात आता माणसांनाही फास लावतात वाटतं.”

“बाबा, हलू नका हं, शिकारी येईल आत्ता!”

मोटारसायकलवाले हसत होते. रस्त्याकडेला, उलट्या करून ठेवलेल्या मोटारसायकलींच्या मध्ये, जुन्या तारांची भेंडोळी पडली होती. त्यांतलंच एक टोक वाटेवर आलं होतं, एवढंच. कुणी लावलं नव्हतं. ओबेनला हे दिसत होतं, तरी त्याचं काळीज छातीत नाही, घोट्यात उडत होतं. त्याने परत पाय ओढला.

“ओढू नकोस,” कुणीतरी म्हणालं. “ओढलास की आवळतो. तुला हे मी सांगायचं?”

उलट्या गाडीमागून एक माणूस उठला. हातात पक्कड, कोपरापर्यंत काळं तेल. केस पांढरे झाले होते, पुढचा एक दात गेला होता, पण उठताना डाव्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय तीच होती. ओबेनचा लहानपणचा सोबती, ताकांग.

गेल्या तेरा वर्षांत ओबेन कुंबाला निदान तीस वेळा आला असेल. ताकांग याच बाजारात गाड्या दुरुस्त करतो हे त्याला माहीत होतं, म्हणून तर तो दर वेळी मासळीबाजाराच्या बाजूने वळसा घालून यायचा. आज गाडीने उशीर केला आणि तो सरळ आला.

ताकांग त्याच्यासमोर उकिडवा बसला. घोटा डाव्या हातात धरला. तेलकट, गरम हात. लहानपणी ओढ्यात काटा रुतला तेव्हा याच हाताने याच घोट्याला धरलं होतं. तार न तोडता त्याने गाठीपाशी अंगठा घातला, ती उलटी सरकवली, आणि फास पायातून काढून ओबेनच्या हातात दिला.

“बूट मुलाचे?”

“हो.”

“कुठे निघालास एवढा नटून?”

“सभेला.” ओबेनने वरच्या मजल्याकडे बोट केलं. “आज कागद होणार. मोई ओढ्यापलीकडचं रान गावाच्या हाती राहणार, की राखीव जंगलाची लाल रेघ ओढ्यावर येणार, ते आज ठरतंय.”

“आणि तू तीच गोष्ट सांगणार.”

“तीच.”

“गोष्टीत किती पिल्लं झाली आता?”

बेसेमने गाठोडं खाली ठेवलं आणि त्याच्या वतीने उत्तर दिलं. “पिल्लू एकच आहे, भाऊजी. पण आता ते जाताना वळून हात जोडतं.”

ताकांग हसला. दात गेलेल्या जागेतून हवा सुटल्यासारखं हसला. मग एकदम म्हणाला, “माझ्या आईच्या थडग्यावरचं गवत कोण काढतं, वहिनी?”

“मी काढते. दर महिन्याला.”

ओबेनने बायकोकडे पाहिलं. एवढी वर्षं एका घरात राहून हे त्याला माहीत नव्हतं.

“ताकांग,” तो म्हणाला, आणि बुटावरचा चिखल झटकू लागला.

“घाबरू नकोस. तेरा वर्षं बोललो नाही, आज काय बोलणार? आणि तुझ्यासाठी गप्प नाही बसलो हं मी. गोष्ट बुडाली असती तर रान गेलं असतं. बायका पाल्याला कुठे गेल्या असत्या? रानआंबे कुठून वेचले असते?” त्याने हात चिंधीला पुसले. चिंधी हातांपेक्षा काळी होती. “मी पण येतो वर. ऐकतो. या शहरात करमणूक कुठे आहे माणसाला?”

जिन्याला बत्तीस पायऱ्या होत्या. ओबेनने त्या मोजल्या, कारण रानात माग काढत चालताना मोजायची त्याला सवय होती आणि मोजताना विचार येत नाहीत. आज येत होते. मुठीत तार होती, ती टाकायचं त्याला सुचलं नव्हतं. तारेला हात ओळखत होता. अशाच तारा तो आणि ताकांग पूर्वी याच बाजारातून न्यायचे, तुटक्या क्लचच्या, त्या उकलून, राखेने घासून, वास घालवून, वाकवलेल्या फांदीला बांधायच्या. दोघांची ओळ एकच असायची, एक दिवस त्याने फिरायचं, एक दिवस याने. काय मिळेल ते निम्मं निम्मं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मात्र दोघेही गेले होते, कारण आदल्या दिवशी पाऊस फार होता आणि ओळ तपासायची राहिली होती. अकराव्या फासात काळतोंडी होती. काळ्या तोंडाचं, आखूड शेपटीचं ते मोठं वानर तेव्हाच दुर्मीळ झालं होतं, दोघांनी ते तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मादी. हात मनगटापाशी अडकलेला, सुजून दुप्पट झालेला. तिने दोन रात्री ओढून ओढून भोवतालची माती नांगरल्यासारखी केली होती. आणि छातीला पिल्लू. गोष्टीत ती ओबेनच्या डोळ्यांत बघते. खरं म्हणजे तिने बघितलं नाही. ती त्यांच्यापलीकडे, झाडांत कुठेतरी बघत होती, जणू ही दोन माणसं म्हणजे पाऊसच, येतो आणि जातो. हेच ओबेनच्या जिवाला लागून राहिलं होतं. बघितलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक, पण बघितलं नाही, आणि त्याने ओंडका उचलला.

बाकीचं गोष्टीत कधीच नव्हतं. पिल्लाची बोटं आईच्या केसांतून एक एक करून सोडवावी लागली. एक सोडवलं की आधीचं परत घट्ट. दहा बोटांना किती वेळ लागू शकतो याचा अंदाज नसतो माणसाला. ताकांग म्हणाला होता, मारून टाक तेही, सुटेल बिचारं. ओबेनने ते टोपलीत घालून घरी आणलं. बेसेमने त्याला अळकुड्यांची पेज पाजून पाहिली. चुलीमागे, भांड्यांच्या आड, ते तीन दिवस एकाच सुरात कण्हत राहिलं. मोठ्याने नाही. झोपेतल्या माणसाने कण्हावं तसं. चौथ्या दिवशी टोपलीतून आवाज आला नाही आणि घरातलं कुणीच टोपलीकडे बघितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं स्वयंपाकघरात झाकण वाफेने थरथरलं तरी ओबेन बाहेर अंगणात जाऊन उभा राहायचा, आणि बेसेम काही न बोलता झाकण उचलायची.

त्याच चौथ्या दिवशी ती माणसं आली. राखीव जंगलाचे अधिकारी, एक पाहुणी गोरी बाई, हातात प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक. ओबेनच्या अंगणात त्यांनी पुस्तक उघडून विचारलं, यांतलं कुणी काही पाहिलंय? गावकरी शहाण्यासारखे म्हणाले, काही नाही. पण ओबेनच्या भिंतीला तार टांगलेली होती आणि तारेला काळे केस चिकटले होते, आणि एक अधिकारी ती तार हातात घेऊन केस उजेडात धरत होता. काळतोंडी मारणाऱ्याला तुरुंग होता. चुलीवरच्या माचणीत मादीचा धुरावलेला एक हात अजून टांगलेला होता, बेसेम त्याच्यासमोर पाठ करून उभी होती. ओबेनला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. तोंड आपोआप उघडलं. “आता मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाही,” तो म्हणाला. “ती माझ्या फासात होती. मी तिला सोडली.”

गोऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून ओबेनला सुचत गेलं. मादीने डोळ्यांत बघितलं, हे तिथेच सुचलं. एकटाच होतो, हेही तिथेच, कारण दोघे म्हटलं तर ताकांगला विचारलं असतं. महिन्याभरात ते लोक परत आले, आणि आसपासच्या नऊ गावांतून न्सानाकेमची निवड झाली: हे गाव रान स्वतः राखेल, मोजेल, आणि त्याबदल्यात खातं त्यांना एरू, रानआंबे, औषधाच्या साली आणू देईल. बिबळ्याच्या मंडळाच्या म्हाताऱ्यांनी, गावात ज्यांचा शब्द शेवटचा, मोई ओढ्याच्या वाटेवर तेलताडाची कोवळी झावळी आडवी बांधली. झावळी बांधली की ती वाट फासाला बंद. बांधायचा मान त्यांनी ओबेनला दिला. ज्याने सोडली त्यानेच बांधावी, ते म्हणाले. ओबेनने गाठ मारली तेव्हा त्याच्या पोटात अजून ती मादी होती म्हणायला हरकत नाही.

वर सभागृहात पंखा फिरत होता आणि त्याची सावली लोकांच्या चेहऱ्यांवरून फिरत होती, त्यामुळे सगळेच एकसारखे डोळे मिटत उघडत आहेत असं वाटत होतं. तीसेक माणसं असतील. तळलेल्या पिठाच्या गोड गोळ्यांचं ताट, चहा. टेबलामागे राजधानी याउंदेहून आलेल्या, वनखात्याच्या न्गोनोबाई, निळा डगला, समोर नकाशा, नकाशावर दोन तुटक लाल रेघा, एक मोई ओढ्यावर, दुसरी पलीकडच्या रानाच्या कडेला. दोन्हींपैकी एक आज अखंड होणार. बाईंना न्सानाकेमची भाषा येत होती, पण ओढ्यातल्या दगडांवरून चालावं तशी, एक एक शब्द चाचपून. गावचा रानरखवालदार एता, पोरसवदा राहिला नव्हता आता, चाळिशीचा झाला होता आणि मोजणीच्या वह्या सांभाळायचा, तो पुढच्या रांगेत वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने ओबेनला खुर्ची दिली.

“काका, घाबरायचं नाही. नेहमीसारखं सांगा. फक्त हात जोडणं वगळा, बाई शास्त्रज्ञ आहेत.”

“बरं.”

“आणि काका, हातात ती काय तार धरलीय?”

ओबेनने मूठ मांडीखाली घेतली. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. ताकांग येऊन बसला होता, बेसेमच्या शेजारी, दोघांच्या मध्ये एरूचं गाठोडं. गावातल्या दोन-तीन जणांनी वळून बघितलं आणि लगेच पुढे बघितलं. ज्याच्या दारावर झावळी आहे त्याच्याशी बोलायचं नसतं, शहरातही नाही.

ताकांगच्या दारावर ती होती, कारण तेरा वर्षांपूर्वी त्याची आई वारली होती. आणि आईच्या मरणाच्या जेवणात रानातलं मांस नसेल तर ते जेवण कसलं, म्हातारी कोंबड्यांच्या रश्श्यावर वाटेला कशी लागणार? ताकांगने ओढ्यापलीकडे एकच फास लावला. एता तेव्हा नवा नवा रखवालदार होता, त्याने तो आणून मंडळासमोर टाकला. ओढ्यावरची झावळी ओबेनने बांधलेली, म्हणून निवाडा त्याच्याकडे आला. ओबेनला त्या संध्याकाळचं सगळं आठवायचं: मंडळाच्या झोपडीत म्हातारेच आत बसून काढायचे ती बिबळ्याची घरघर, लोकांचे चेहरे, आणि ताकांग मध्ये उभा, हात बाजूला सोडून. ताकांगने एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, ‘अकराव्या फासातली मादी आठवते का रे?’ तो म्हणाला नाही. ओबेन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आत्ता उघडेल, आत्ता उघडेल. आणि जसजसं ते उघडेना तसतसा ओबेनला राग येत गेला. असला राग की त्याने शिक्षा एक बोकड होती ती गावबंदी केली. ताकांगच्या दारावर झावळी आडवी बांधताना त्याने गाठ दोनदा मारली.

नियम असा की ज्या हाताने गाठ मारली त्याच हाताने ती सोडायची, आणि तीही चारचौघांत, ‘माझा निवाडा चुकला’ असं म्हणून. दुसऱ्या कुणाला, खुद्द गावप्रमुखालाही, ती सोडता येत नाही. झावळी कधीच वाळली होती. वाळवीने खाल्ली, घराचं छप्पर बसलं, दाराच्या चौकटीतून पपईचं झाड वर आलं. गाठ मात्र होती. ओबेन त्या घरावरून जाताना मान वळवायचा, आणि ज्या बाजूला मान वळवायचा तिथे त्याचं स्वतःचं घर होतं. सोडायची तर सांगावं लागणार का चुकला. का ते सांगायचं तर गोष्ट बुडणार. गोष्ट बुडाली तर न्सानाकेमचं रान बुडणार. हा फास त्याने कितीदा तरी बोटांनी चाचपला होता, कुठल्या बाजूने सरकतो ते. कुठल्याच बाजूने सरकत नव्हता.

“पा ओबेन,” न्गोनोबाई आदराने म्हणाल्या, “आम्ही ऐकतो.”

तो उभा राहिला. “आता मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाही.” लोक हसले, खुर्च्या पुढे आल्या. मग गोष्ट चालू लागली. तिला पाय होते, वाट पाठ होती, ओबेनने फक्त मागून जायचं. पाऊस आला. अकरावा फास आला. मादीचा सुजलेला हात आला. एरवी इथे तो आवाज खाली आणायचा, आज आवाज आपसूक खाली आला, आणि त्याला ऐकू आलं की खोलीत कुणीतरी कण्हतंय, झोपेतल्या माणसासारखं. पंखाच होता. त्याने मागे पाहिलं. बेसेम गाठोड्याची गाठ बोटांनी चाचपत होती. ताकांग ऐकत होता, तोंड किंचित उघडं, लहान मूल ऐकतं तसं. आता थांबावं, ओबेनच्या मनात आलं, आता इथे, तिने बघितलं म्हणायच्या आधी. “आणि तिने माझ्या डोळ्यांत बघितलं,” त्याचं तोंड म्हणालं. “मी पक्कड काढली. तार तोडली. ती पिल्लाला घेऊन गेली. झाडांत शिरताना थांबली.” एताने भुवया उंचावल्या. “आणि गेली,” ओबेन म्हणाला, आणि बसला. टाळ्या वाजल्या. तळहातात तारेचे सात पदर रुतले होते.

न्गोनोबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं ते परत लावलं.

“गोष्ट चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “पण माझ्याकडे एक तक्रार आली आहे. शेजारच्या गावाची. ते म्हणतात, असं काही घडलंच नाही. आणि ज्या गावाची सुरुवातच खोटी, त्या गावाच्या मोजणीच्या वह्या खऱ्या कशावरून? मला रागवू नका. मला वर उत्तर द्यायचं आहे. त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण होतं?”

“मी एकटा होतो,” ओबेन म्हणाला.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

एताने मांडीवरच्या वह्यांवर दोन्ही हात ठेवले, जणू त्या उडून जाणार होत्या. बाईंनी नकाशा स्वतःकडे ओढला. त्यांची नखं ओढ्यावरच्या रेघेपाशी थांबली. खोलीत पंखा आणि खालच्या गाड्यांचे भोंगे. आणि मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज.

“मी होतो.”

ताकांग उभा होता, डाव्या गुडघ्यावरचा हात आत्ताच काढलेला.

“तुमचं नाव?”

“ताकांग. दोघे मिळून ओळ लावायचो, बाई. त्याला एकटा म्हणायची सवय आहे, मोठा माणूस झाल्यापासून.” लोक हसले. “मी होतो तिथे. मीच म्हणालो, मार. इतकं मांस परत कधी मिळणार? तर हा म्हणाला, नाही. ओंडका माझ्या हातात होता, याने तो घेऊन लांब फेकला. पिल्लाची बोटं आईच्या केसांत होती. घट्ट. याने ती सोडवली नाहीत. म्हणाला, राहू दे, ती तिथेच बरी आहेत.”

ही गोष्ट ओबेनच्या गोष्टीपेक्षा चांगली होती. बोटं त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती, बोटांपर्यंत जायची त्याची छाती नव्हती, आणि हा तिथे जाऊन ती सगळी परत केसांत ठेवून आला होता, दहाच्या दहा. बेसेमने तोंडावर पदरासारखं फडकं धरलं होतं.

“तुम्ही न्सानाकेमलाच राहता?” बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

“नाही. इथे कुंबात. खाली गाड्या दुरुस्त करतो.”

“का? गाव का सोडलंत?”

गावची माणसं छताकडे बघू लागली. ताकांगने एकदा ओबेनकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, माया नव्हती, ओळखीचं काहीच नव्हतं. तो त्याच्यापलीकडे बघत होता, भिंतीपलीकडे, झाडांत कुठेतरी.

“मी फास लावला होता, बाई. ओढ्यापलीकडे, नियम मोडून. याने मला गावाबाहेर काढलं. बरोबर केलं. लिहून घ्या. ज्याने आपल्या फासातली मादी हाताने सोडली, त्यालाच मला काढायचा अधिकार होता. माझी तक्रार नाही.”

“सही कराल?”

“करतो की.” ताकांग रांगेतून पुढे येऊ लागला. तेलकट बुटांचे ठसे फरशीवर उठत होते, एकामागे एक, माग काढण्यासारखे स्पष्ट. आता तो सही करेल, बत्तीस पायऱ्या उतरेल, उलट्या गाड्यांमागे बसेल. कागद होईल, रान राहील, बायका पाल्याला जातील, आणि गाठ कागदावर येईल, तिथे तिला वाळवीही लागणार नाही. सगळं ठीक होईल. ताकांग त्याच्या खुर्चीपाशी आला, पुढे गेला, टेबलाशी वाकला, बाईंच्या हातातलं पेन त्याने चिंधीला पुसलेल्या हाताने घेतलं, सही केली, आणि शेजारी तेलाचा काळा अंगठाही उमटला.

“माझा निवाडा चुकला,” ओबेन म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. एताला वाटलं काका खोकले.

मग तो उभा राहिला, इतक्या जोरात की खुर्ची मागे पडली, आणि मुठीतली तार टेबलावर, नकाशावर, त्या दोन रेघांच्या मध्ये जाऊन पडली.

“खोटं!” तो ओरडला. “खोटं बोलतोय हा! खाल्ली आम्ही ती, बाई! घरात मीठसुद्धा नव्हतं, आणि तरी मी दोनदा वाढून घेतलं!”